सम आणि विषम

ऑफिसात माझी खुर्ची शेवटची, भिंतीकडे तोंड करून.
भिंतीवर अख्खं डिस्ट्रिक्ट:
सात प्राथमिक शाळा, दोन मिडल, एक हायस्कूल,
आणि सत्तेचाळीस पिवळ्या टाचण्या. एक टाचणी, एक बस.
मला नावाने कुणी ओळखत नाही इथे.
मिनेसोटाच्या जानेवारीत पहाटे साडेचारला
फोनवर जो आवाज सांगतो,
"आज शाळा दोन तास उशिरा भरेल",
तो माझा.

मार्चमध्ये शाळेचा कर मतदानात पडला.
एकेचाळीस मतांनी.
मग फर्नवुड बंद करायचं ठरलं:
सपाट छपराची, मागच्या अंगाने गळणारी शाळा,
जिम आणि जेवणघर एकच,
त्यामुळे बास्केटबॉललाही टोमॅटो सूपचा वास.
तीनशे बारा मुलं वाटायची होती.
वाटायची, हा शब्द माझाच,
भावाभावांत भांडी वाटतात तसा
सहज निघून गेला तोंडून.

सभेत प्रत्येकाला तीन मिनिटं, मग लाल दिवा.
एक जण घरांच्या किमतींवर बोलला.
एकाने गळक्या छपराची बाजू घेतली, रडत.
ग्रेटा लुंडक्विस्ट, फर्नवुडच्या सेक्रेटरी, बोलल्याच नाहीत.
हरवलेल्या वस्तूंचा खोका घेऊन आल्या होत्या;
माइकसमोर एकेक हातमोजा मांडत राहिल्या,
बहुतेक डाव्या हाताचे.
लाल दिवा लागला तेव्हा
खोका अर्धासुद्धा रिकामा झाला नव्हता.

रेघ मी मारली.
सॉफ्टवेअरने चार पर्याय दिले, मंडळाने दुसरा निवडला,
पण माउसवर हात माझा होता, हे कशाला लपवू?
टॅमरॅक लेनच्या बरोबर मधून:
सम नंबरची घरं साउथ नॉलला,
विषम नंबरची विलो क्रीकला.
शेताचा बांध असता
तर निदान त्यावर गवत तरी उगवलं असतं.

सप्टेंबर गेला. ऑक्टोबर गेला.
नोव्हेंबरात सत्तावीस नंबरच्या मर्लिन ड्वोराकचा फॉर्म आला:
"टॅमरॅक थांबा, ७:३१.
यादीत नसलेला एक मुलगा रोज उभा असतो.
बसमध्ये चढत नाही."

मी पत्ता काढला. घर क्रमांक चौदा,
लिबान, तिसरी. त्याची बस ७:४२ ची, पलीकडच्या बाजूची.
समोर पंधरा नंबरला टेओ वासिक, तोही तिसरीत,
त्याची ७:३१ ची.
उणे सोळात अकरा मिनिटं
आपली नसलेली बस निघून जाताना बघायला
हा पोरगा रस्ता ओलांडून येत होता,
आणि मग एकटाच परत.

आईला फोन करणं माझं काम होतं.
केला नाही.
वेळापत्रक उघडलं. मर्लिनच्या फेरीत
आधी बर्च कोर्ट घेतलं, मग तळ्याचा वळसा.
टॅमरॅक आलं ७:४२.
"बदलाचे कारण" असा एक रकाना असतो.
त्यात मी लिहिलं: बर्फ.
त्या दिवशी बर्फ नव्हता.

सोमवारी गाडी कोपऱ्यावर लावून बसले, काच खाली करून.
एक बस उत्तरेकडून आली, एक दक्षिणेकडून,
नाकासमोर नाक.
दोघींनी आपापला लाल हात बाहेर काढला.
मागे पोस्टाची गाडी थांबली, कचऱ्याची थांबली,
घाईतला एक निळा पिकअप थांबला,
मी मारलेल्या रेघेवर काही क्षण
कुणालाच हलायची परवानगी नव्हती,

मुलं सोडून.
आणि ती दोघं, कोटाची बटणं उघडी,
मधल्या पिवळ्या पट्ट्यावर उभं राहून
हातमोज्यांची अदलाबदल करत होती.